तीन टाक्यांची मतपत्रिका

निवडणुकीची ड्यूटी निघाली की आमच्या शाळेतल्या निम्म्या स्टाफला एकाएकी रक्तदाब व्हायचा आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी लग्न निघायचं. मला दोन्ही कधी जमलं नाही. त्यामुळे सरकारी शाळेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी जवळजवळ प्रत्येक निवडणूक केली. सुरुवातीला नुसती बोटाला शाई लावली, पुढे पुढे पीठासीन अधिकारी झाले. तुमच्याकडे महाराष्ट्रात त्याला केंद्राध्यक्ष म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम बरंचसं बाकं सरकवण्याचं.

एवढ्या वर्षांत तुम्ही नेमकं सांभाळलंत काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, पुठ्ठ्याचं एक खोकं. मशीन सांभाळायला पोलीस असतो, यादीवर नजर ठेवायला पक्षांचे एजंट असतात. खोकं मात्र पीठासीनचं. तीन बाजूंना पुठ्ठा, चौथी उघडी. आत मशीन ठेवायचं आणि मतदार त्याच्या आडोशाला उभा राहून आपलं काम करतो. ते मांडायचं कुठे, यातच सगळी मेख आहे. खिडकीशी नको, कारण बाहेर कोणीतरी उभं असतंच. जिन्याखाली नको, कारण वरून दिसतं. ग्वाल्हेरच्या किला गेटजवळच्या एका शाळेत मी खोकं अगदी छान कोपऱ्यात मांडलं होतं. तासाभराने बघते तो वरच्या झरोक्याशी एक गृहस्थ कबुतरांना दाणे घालत बसलेले. कबुतर एकही नव्हतं. मी मतदान थांबवलं, खोकं फिरवलं आणि त्यांना खाली बोलावून रांगेत उभं केलं. त्यांचं स्वतःचं मत द्यायचं राहिलंच होतं.

त्याच शाळेत एक नवरा बायकोच्या मागोमाग खोक्याकडे निघाला. हिला मशीन समजत नाही, मी दाबून देतो, म्हणाला. मी बाईंनाच विचारलं. डोक्यावरचा पदर जरा मागे घेऊन त्या म्हणाल्या की बहनजी, यांना मोबाइल लावायला मी शिकवलं. नवरा मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. आणि एक तरणाताठा मुलगा मत देऊन आला तो कुणाला दिलं ते ओरडून सांगायला लागला. मी त्याला गप्प केलं. माझं मत आहे, मी सांगेन, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, तू सांगितलंस की तुझ्या मागच्याला न सांगायची सोय राहत नाही. त्याला ते पटलं नसावं. खरं सांगायचं तर तेव्हा ते वाक्य मी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवलं होतं. त्याचा अर्थ मला कळला शेवटच्या ड्यूटीला, दौलतगंजात.

ती गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत, गल्ली सांगत नाही, आणि जिची गोष्ट आहे तिची परवानगी घेतली आहे. तिच्या मुलाची घेतलेली नाही. पण ते आमच्या ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी मंडळींसारखे मराठी मासिकं वाचत नाहीत, हा एक दिलासा.

मागच्या विधानसभेला मला बूथ मिळालाच नाही. गुडघ्यांचं निमित्त मी पहिल्यांदाच पुढे केलं होतं, तर साहेबांनी सोपं काम म्हणून घरोघरी मतदानाच्या पथकात घातलं. आता ही सोय झाली आहे. फार वय झालेल्यांनी किंवा अपंगांनी आधी फॉर्म भरून दिला की मतदानाच्या आधी एक पथक त्यांच्या घरी जातं. मशीन नसतं, टपाली म्हणतात ती कागदाची मतपत्रिका असते. मतदार पेनने खूण करतो, पाकिटात घालून चिकटवतो आणि आमच्या पेटीत टाकतो. बरोबर एक सहकारी, एक व्हिडिओवाला, एक पोलीस. आणि ते पुठ्ठ्याचं खोकं, घडी घालून. एकदा का या यादीत नाव गेलं की मग बूथवर जाऊन मत देता येत नाही.

सोपं काम. तीन जिने चढून मी दौलतगंजातल्या जगदाळ्यांच्या घरी पोचले तेव्हा गुडघ्यांनी साहेबांचा उद्धार केला.

जगदाळे म्हणजे दख्खनमधून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेलं घराणं. तलवारी केव्हाच गेल्या. आता विनायकराव जगदाळ्यांचं बिजलीच्या सामानाचं दुकान आहे आणि बाकीचा वेळ ते पक्षाचं काम करतात. कुठल्या पक्षाचं ते तुम्हाला काय करायचंय? दारावर झेंडा होता, तो आम्ही येणार म्हणून त्यांनी काढून ठेवला होता, एवढे ते नियमाचे पक्के. दर निवडणुकीत मतमोजणीच्या टेबलावर पक्षातर्फे तेच बसतात. माणूस भला आहे. आईच्या सोयीसाठी फॉर्म त्यांनीच आणला, भरला, आईची सही घेतली.

आई म्हणजे माई. सत्त्याऐंशीच्या, चणीने एवढ्याशा. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी शिलाईवर घर चालवलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी बायकांच्या पोलक्यांना एके काळी माईंचा हात लागला असेल, माझ्या आईच्या पोलक्यांनाही लागला होता.

गेल्या गेल्या पोहे आले, तिळाची गजक आली. आमच्या पेटीला विनायकरावांच्या बायकोने पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. माझा सहकारी कुशवाह घाबरला, मी म्हटलं राहू दे, कुंकवाने पेटी बाद होत नाही. मग विनायकराव म्हणाले, "आईचा हाथ हलतो आता. मी बसतो सोबत, खूण करून देतो. आमच्या घरचं एक मत आजवर इधर-उधर नाही गेलं, मॅडम."

सोबती घेता येतो, पण मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तरच. म्हणून मी माईंना विचारलं, तुम्हाला दिसतं का? माईंनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरलं आणि मोठ्याने वाचलं. नाव, शाळा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं 'हरवल्यास परत करावे' हेसुद्धा, हिंदीत होतं तसं. विनायकराव हसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. दार मात्र उघडं ठेवा म्हणाले, कारण पावसाळ्यात माई पडल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या खोलीचं दार कोणी लावत नसे.

माईंच्या खोलीत पलंग, खिडकीशी शिलाईचं मशीन, दाराजवळ आरशाची लोखंडी अलमारी. बसायला जागा म्हणजे मशीनसमोरचं स्टूल. मी मशीनवर झाकण घातलं, त्यावर खोकं मांडलं, खिडकी लावली. व्हिडिओवाल्याला बाहेर काढलं. मत देताना कॅमेरा चालत नाही. मला वाटलं, झालं, नामी जागा आहे.

तेव्हा माई हळूच म्हणाल्या, "मला शाळेत जायचं होतं गं मत द्यायला. हा कागद भरला की जाता येत नाही, हे मला कोणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, एवढे जिने उतरून कशाला?

"तिथे त्या खोक्यामागे कोणी येत नाही. न्हाणीघर सोडलं तर तेवढीच एक जागा आहे, जिथे मला कोणी विचारत नाही की आई, काय करतेस."

सरकार कौतुकाने मत घरी घेऊन आलं होतं, आणि या बाईला ते घराबाहेरच हवं होतं. पन्नास-साठ वर्षं ती त्या आडोशात काय करत आली, हे या घरात कोणाला माहीत नव्हतं आणि तिला ते माहीत होऊ द्यायचं नव्हतं. मी ठरवलं की आज हिचं मत हिचंच राहील. चौतीस वर्षं जे करत होते तेच करायचं होतं, फक्त जरा नीट.

मतपत्रिका दिली, पेन दिलं. सूचना दिल्या. तिथे मी चुकले. हिंदीत छापलेला कागद होता, तो घडाघडा वाचून दाखवला की मतपत्रावर पहचान होईल असं कोणतंही चिन्ह किंवा लेखन करू नये. माईंनी मान हलवली. मग मी दोन पावलं मागे येऊन दाराशी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि समोर अलमारीचा आरसा.

आरसा मी आधी बघितला नव्हता का? बघितला होता. पण त्यात काय दिसेल हे पाठ फिरवून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माई खोक्यात न लिहिता कागद उजेडासाठी उजवीकडे मशीनच्या कडेवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावरून तो सगळा दिसत होता. मी नजर काढणारच होते. तेवढ्यात त्यांचा हात कागदाच्या अगदी माथ्याशी गेला, जिथे काहीच करायचं नसतं. दोन उभ्या रेघा, मग एक वळण, मग पुन्हा दोन रेघा. आरशात उलटं होतं, तरी ओळखलं. माईंनी मतपत्रिकेवर श्री घातला होता.

तुम्ही हसाल. पण आमच्या आईची किराण्याची यादीसुद्धा श्रीशिवाय सुरू होत नसे. कोरा कागद समोर आला की त्या पिढीचा हात आपसूक वर जातो. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. कुशवाहला ठाऊक नसेल तर समजू शकते. मी मराठी घरातली बाई, मला आधीच साध्या मराठीत सांगता आलं असतं की माई, वर श्री लिहू नका. मी सरकारी हिंदी वाचत बसले.

आता हा श्री किती महाग पडला असता ते बघा. टपाली मतपत्रिका मशीनसारखी मुकी नसते. मोजणीच्या दिवशी ती टेबलावर उघडतात आणि एजंटांच्या समोर धरतात. वर काही लिहिलेलं दिसलं की हरकत येणार, मत बाद होऊ शकणार. तेवढ्यावर भागतं तर मी देवावर हवाला ठेवला असता. पण त्या टेबलावर बसणार होते विनायकराव. आमच्या यादीत मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यात माईंच्या हातचा श्री. पोराने आयुष्यभर दुधाच्या हिशेबापासून पत्रांपर्यंत तो बघितलेला. पाकीट कितीही डकवलं तरी त्या अक्षराने माई भर सभागृहात उठून उभ्या राहिल्यासारखं झालं असतं.

आणि मी सांगू कसं? सांगितलं की मी बघितलं हे कबूल. नाही सांगितलं की तिचं मत गेलं आणि गुपितही गेलं. मी हा विचार करत राहिले आणि त्या काही क्षणांत माईंचा हात खाली आला, नावांवरून फिरला, एका ठिकाणी थांबला आणि त्यांनी खूण केली. यादी मला पाठ होती. म्हणजे मला ते कळलं. श्री दिसला त्याच क्षणी तोंड उघडलं असतं तर हे कळलं नसतं. चौतीस वर्षांत ही एक गोष्ट मी कधी केली नव्हती.

मग मी आठवल्याचं सोंग करून, पाठमोरीच म्हणाले, "माई, एक सांगायचं राहिलं बघा. वर श्री वगैरे काही लिहायचं नसतं. लिहिलं असेल तर कागद बदलून देते."

मग माईंनी विचारलं, "हा कागद कुणाला द्यायचा?"

मला, म्हटलं. खराब झालेली मतपत्रिका परत घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवावी लागते, तेव्हाच दुसरी देता येते.

"असाच? लिहिलेला?"

असाच, म्हटलं. फाडता येत नाही, खोडता येत नाही. बाहेरून विनायकरावांनी हाक मारली, काय झालं आई, येऊ का? मी म्हटलं, येऊ नका. माई बसून राहिल्या. त्यांना दोनच वाटा होत्या. कागद पाकिटात घालून मत घालवायचं, नाहीतर माझ्या हातात देऊन मला सांगून टाकायचं. मला ते आधीच कळलंय हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, हे इथे लिहून ठेवते.

मग मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला. या वेळी मी आरशात बघितलं नाही, डोळे जमिनीवर ठेवले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "घे." मी वळले. परकराची पट्टी दुमडावी तसा त्यांनी कागद खालून वर दुमडत आणला होता, वर फक्त श्रीपुरती बोटभर पट्टी उघडी. आणि बाकीची घडी सुईदोऱ्याने शिवली होती. तीन टाके, एकसारखे, शेवटी गाठ. हात हलतो म्हणे.

मी आमच्या भागावर नेमलेल्या सेक्टरच्या साहेबांना फोन लावला. कसं खराब झालं, त्यांनी विचारलं. वर श्री लिहिला, म्हटलं. म्हणाले की दीजिए दूसरा, डायरी में लिख लीजिए. मी लिहिलं. शिवलेल्या कागदावर श्रीच्या शेजारी 'निरस्त', म्हणजे रद्द, असं लिहून तो पाकिटात टाकला. दुसरी मतपत्रिका दिली आणि या खेपेला भिंतीकडे तोंड केलं, आरसाही दिसणार नाही अशा बाजूला. माईंनी खूण केली, पाकीट डकवलं, बाहेर येऊन पेटीत टाकलं. काय झालं होतं, विनायकरावांनी विचारलं. कागद बदलावा लागला, एवढंच मी म्हटलं आणि उरलेली गजक संपवली.

सामान जमा करताना तिथला बाबू ते टाके बघून चक्रावला. उसवून बघू का, म्हणाला. मी म्हटलं, बघा, मग त्याचा खुलासा तुम्ही लिहा. त्याने पाकीट तसंच लाखेने बंद केलं.

मतमोजणी झाली, कोण आलं कोण गेलं ते तुम्हाला माहीत आहे. संक्रांतीला माईंच्या सुनेने हळदीकुंकवाला बोलावलं. मी चपला काढत होते तिथेच विनायकरावांनी गाठलं. सकाळपासून माझीच वाट बघत असावेत.

म्हणाले की पूर्ण सकाळ टपाली मतांच्या टेबलावर बसलो. एकेक कागद बघितला. "आईचं लिहिणं मी झोपेतसुद्धा ओळखीन. आई श्री घातल्याशिवाय धोब्याचा कागद नाही लिहीत. एकही श्री नव्हता, ताई. आईचं मत गेलं कुठे?"

म्हणजे ते खरोखरच शोधत बसले होते. मी सांगितलं की मत पेटीत पडलं आणि मोजलं गेलं.

मग त्यांनी आवाज उतरवला. कारण सांगितलं तेही खोटं नव्हतं. आईचं वय झालं, कधी डोळे मिटेल सांगता येत नाही, तीस वर्षं मी पक्षासाठी झिजलो, आई आपल्या बाजूची आहे एवढं कळलं की बस. "नाव नका घेऊ. फक्त हो म्हणा."

तुम्हाला वाटेल, उत्तर नाही असेल म्हणून मी अडले. तसं समजू नका आणि उलटंही समजू नका. उत्तर हो असतं तरी मला म्हणता आलं नसतं. एकदा हो म्हणायची मुभा घेतली की ज्या घरी मी गप्प बसेन त्या घरी माझं गप्प बसणंच नाही ठरेल. त्या ओरडणाऱ्या मुलाला मी जे सांगितलं होतं ते आता माझ्या अंगावर आलं होतं. समोर भला माणूस डोळ्यांत पाणी आणून उभा, एका शब्दाचं काम. मला त्याची दया आली, अगदी मनापासून.

"विनायकराव, मी पाठ करून उभी होते," मी म्हटलं. हे खरं होतं. "मला ठाऊक नाही." हे खोटं होतं. सरकारी कामात मी बोललेलं हे एकमेव खोटं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आरशाचं.

ते बाजूला झाले. सुनेने हळदकुंकू लावलं, वाण दिलं. मग आत माईंना भेटायला गेले. त्या मशीनशी बसल्या होत्या, दार नेहमीसारखं उघडं. सगळं तसंच होतं, फक्त अलमारीच्या आरशावर पडदा होता. फुलाफुलांच्या कापडाचा, दोरीवर सरकणारा, खाली बारीक दुमड घातलेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

"नवा आहे," माई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तू त्या दिवशी पाठ करून बोललीस, पण आरशात माझ्याकडेच बघत होतीस."

मला तोंड वर करवेना. मी काहीतरी पुटपुटायला लागले, की माई, माझी चूक झाली, मी मुद्दाम नाही. बाहेरच्या खोलीत विनायकराव होते, ऐकू जाईल इतक्या अंतरावर. माईंनी डबा उघडला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली.

"तिळगूळ घे," त्या म्हणाल्या, "आणि बोलू नकोस."